डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या, आता पुढे?

माझ्या धाकट्या जावेनं फेब्रुवारीच्या शेवटी डोळ्यांखालच्या पिशव्यांचं ऑपरेशन करून घेतलं. मुलीचं लग्न मेमध्ये होतं. ऑपरेशननंतरच्या पंधरवड्यात तिनं मला व्हॉट्सॲपवर 116 फोटो पाठवले. सगळे तिच्याच डोळ्यांचे, आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न: "ताई, हे नॉर्मल आहे ना?" आम्ही दोघी इंदुरात, ती सुदामानगरात, मी रामबागेत. मी 22 वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यामुळे घरात कुणाच्या डोळ्यात कुसळ गेलं तरी पहिला फोन मला येतो.

फोटो बघून मी लगेच उत्तर द्यायचे नाही. आधी विचारायचे, "आज कितवा दिवस?" या ऑपरेशनात काय दिसतंय यापेक्षा ते कधी दिसतंय हे जास्त महत्त्वाचं असतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे सुजून कचोरीसारखे झाले तर त्यात विशेष काही नाही. पण त्याच दिवशी एकच डोळा तासाभरात टणक होऊन पुढे आला, तर पायात चप्पल सरकवून सरळ निघायचं. काही काळज्या तासांच्या असतात, काही आठवड्यांच्या, काही महिन्यांच्या. बहुतेक लोकांची गफलत अशी होते, की महिन्यांच्या काळजीनं ते रात्रभर जागतात आणि तासांच्या काळजीला "सकाळी बघू" म्हणतात.

आधी नेमकं काय केलेलं असतं ते बघू. खालची पापणी म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली झोळी समजा. एक खुंटी नाकाच्या बाजूला, दुसरी कानाच्या बाजूला. झोळीचं कापड तीन पदरी. बाहेर त्वचा आणि डोळा मिटणारा स्नायू, मध्ये एक पातळ पडदा, आणि आतून ओलसर गुलाबी अस्तर व पापणीला ताठपणा देणारी पट्टी. डोळ्याभोवती गादीसारखी चरबी असते, तिला हा मधला पडदा मागे धरून ठेवतो. वय वाढलं की पडदा सैलावतो, चरबी पुढे येते आणि आपण म्हणतो पिशव्या आल्या. काहींना त्या वारशानंच मिळतात. जावेच्या माहेरी तर पंचविशीतच दिसायला लागतात.

सर्जन ही चरबी थोडी काढतो, किंवा न काढता खाली सरकवून डोळा आणि गाल यांच्यामधली खळगी भरतो. तिथे पोचायच्या वाटा दोन. एक आतल्या अस्तरातून, जिच्यात बाहेर टाका दिसत नाही. दुसरी पापणीच्या केसांच्या अगदी खालून. जास्तीची त्वचाही काढायची असेल तर सहसा ही दुसरी वाट घेतात. आपली कोणत्या वाटेनं झाली हे पेशंटला माहीत असलंच पाहिजे, कारण पुढच्या निम्म्या शंकांची उत्तरं त्यावर ठरतात. मला मात्र असे पेशंट भेटलेत ज्यांना एवढंच ठाऊक होतं, की "लेझरनं केलंय बहुतेक". सासूबाई या सगळ्याला "हे नवीन फॅड" म्हणाल्या. तसं ते फारसं नवीन नाही. पापणीच्या ऑपरेशनला डॉक्टर ब्लेफरोप्लास्टी म्हणतात, तो शब्द जर्मन सर्जन फॉन ग्रेफे यांनी 1818 मध्ये वापरला, आणि पापणीच्या आतून चरबी काढायची पद्धत फ्रान्सच्या बूर्गे यांनी 1924 मध्ये मांडली.

आता तासांची काळजी. ती एकच आहे, पण खरी आहे. डोळा हाडाच्या वाटीत बसलेला असतो, आणि ही वाटी फुगू शकत नाही. ऑपरेशननंतर आत रक्तस्राव झाला तर दाब वाढतो आणि डोळ्याच्या नसेचं रक्त अडतं. असं साधारण 2000 पेशंटमध्ये एकाला होतं, आणि नजर कायमची जाण्याचं प्रमाण सुमारे 10,000 मध्ये एक, म्हणजे फारच कमी. पण ज्याला होतं त्याच्या हातात तास-दीड तासच असतो. बहुतेक वेळा हे पहिल्या 24 तासांत घडतं, क्वचित नंतरच्या काही दिवसांत. खुणा अशा: एकाच डोळ्यात गोळीनं न थांबणारी, वाढत जाणारी कळ, पापण्या दगडासारख्या घट्ट, डोळा पुढे आल्यासारखा, आणि दिसणं अंधुक होत जाणं. अशा वेळी फोटो पाठवायचा नाही, सर्जनला फोन लावत लावत गाडीत बसायचं. सर्जन उचलत नसतील तर जवळच्या मोठ्या दवाखान्याची इमर्जन्सी. तिथे टाके उघडून, गरज पडली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब मोकळा करतात, आणि ते वेळेत झालं तर नजर वाचते.

अंधुक दिसण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण पहिल्या रात्री जवळजवळ सगळ्यांनाच अंधुक दिसतं. डोळ्यात मलम घातलेलं असतं. ओळखायचं असं: चार-पाच वेळा उघडझाप करायची, स्वच्छ गॉझनं कडेचं मलम टिपायचं, मग एकेक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचे. मलमाचं धुकं उघडझाप केल्यावर हलतं, थोडं विरळ होतं. न हलणारं किंवा वाढत जाणारं धुकं मलमाचं नसतं. पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी मी जावेला हे करायला लावलं. ती वैतागली, पण तिनं केलं.

हा रक्तस्राव बरेचदा जोर पडल्यामुळे होतो. उलटी, जोराचा खोकला, संडासला कुंथणं, वाकून बादली उचलणं, चढलेलं ब्लडप्रेशर. म्हणून बीपीची गोळी त्या दिवशीही चुकवायची नाही (कधी घ्यायची ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारा), आणि बद्धकोष्ठ होणार नाही हे बघायचं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनसाठी आपल्या मनानं बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायची ती गोष्ट आहे. हृदयात स्टेंट असलेल्या माणसानं सुंदर दिसण्यापायी गोळी सोडणं यासारखा वाईट सौदा नाही. माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, ई व्हिटॅमिन, असलं काही चालू असेल तर तेही सांगा. लोक ते औषध समजतच नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सगळ्यांत वाईट दिसतो. सूज 48 ते 72 तासांत शिगेला जाते आणि मग उतरते. डोळ्यांखाली काळंनिळं होतं, आणि ते तिथेच राहत नाही. गुरुत्वाकर्षणानं रक्त खाली उतरतं, गालावर, कधी जबड्यापर्यंत. रंग जांभळ्यापासून हिरवट, मग पिवळा होत जातो. रक्तातलं हिमोग्लोबिन मोडताना आधी हिरवं बिलिव्हर्डिन बनतं, त्याचं पुढे पिवळं बिलिरुबिन. कावीळ झाल्यावर रिपोर्टमध्ये दिसतं तेच. म्हणजे पिवळेपणा ही बरं होण्याची खूण आहे. 10 ते 14 दिवसांत ते बहुतेक जातं. तेवढ्या काळात आमच्या दिरावर मात्र वाईट वेळ आली. शेजारच्या काकूंनी जावेचा चेहरा गॅलरीतून बघितला आणि त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

शेक कसा घ्यायचा यावरून घरोघरी वाद होतात. पहिले दोन दिवस थंड: स्वच्छ रुमालात गुंडाळलेले फ्रोझन मटार, दहा-पंधरा मिनिटं, मग थोडी विश्रांती. बर्फ थेट त्वचेवर कधीच नाही. ही शरीरातली सर्वांत पातळ त्वचा, जाडी एक मिलिमीटरहूनही कमी, त्यात ऑपरेशननंतर काही दिवस बधिर. भाजलं तरी कळत नाही, आणि बर्फानंही भाजतं. झोपताना दोन-तीन उशा, डोकं छातीच्या वर, पाठीवर. कुशीवर झोपलात तर त्या बाजूचा डोळा सकाळी जास्त सुजलेला दिसेल आणि तुम्ही घाबराल. एरवीही सकाळी सूज जास्त असते, चार वाजेपर्यंत उतरते. सकाळच्या फोटोची तुलना आदल्या संध्याकाळच्या फोटोशी करून रडायचं नाही.

आणि मीठ. इंदूरच्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला पाणी सोड म्हणण्यासारखं आहे. पोह्यांवर सेव, उसळीवर सेव, वरणभातावरही सेव घेणारी माणसं आम्ही. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी आधी पापणीत दिसतं. तीन आठवडे सेव, लोणचं, पापड बाजूला ठेवा. गुटखा आणि सिगरेट तर ऑपरेशनच्या आधीच सोडायला हवी. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम रेंगाळते.

बाहेरचे टाके असतील तर पाच-सात दिवसांत निघतात. विशेष दुखत नाही.

जावेचा सगळ्यांत घाबरलेला फोटो पाचव्या दिवसाचा. डोळ्याच्या पांढऱ्यावर, बाहेरच्या कोपऱ्यात, साबुदाण्याच्या खिरीसारखं पारदर्शक काहीतरी फुगून पापणीच्या कडेवर आलेलं. "ताई, डोळा बाहेर येतोय." डोळा बाहेर येत नव्हता. डोळ्याच्या पांढऱ्यावर जो पातळ पडदा असतो त्यात पाणी साचलं होतं. डॉक्टर याला किमोसिस म्हणतात. पापणीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नाल्या मुख्यतः कानाच्या बाजूला जातात, आणि ऑपरेशनमध्ये त्या बाजूला धक्का लागतो. पहिल्या मोठ्या पावसात नाली तुंबली की पाणी अंगणात येतं, तसं. त्यात भर म्हणजे फुगलेला भाग उघडा पडून कोरडा होतो, कोरडा झाला की आणखी सुजतो. म्हणून यावरचा पहिला उपाय ओलावा: कृत्रिम अश्रूंचे थेंब वारंवार, रात्री जेल. न उतरल्यास सर्जन काही दिवस स्टिरॉइडचे थेंब देतात किंवा डोळ्यावर हलकी पट्टी लावतात. बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत जातं, काहींचं त्याहून जास्त रेंगाळतं. दिसायला भयंकर आणि स्वभावानं बऱ्यापैकी गरीब असं हे प्रकरण आहे. तरी ते सर्जनला दाखवायचंच, फोटोवर निभावायचं नाही.

थेंबांबद्दल दोन गोष्टी. दिवसात चार-सहा वेळांपेक्षा जास्त घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, नाहीतर त्यातल्या रसायनानंच डोळा चुरचुरतो. आणि स्टिरॉइडचे थेंब "मागच्या वेळी बरं वाटलं होतं" म्हणून मेडिकलवरून पुन्हा आणू नका. त्यानं डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो, आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. गुलाबजल, मध, तूप, एरंडेल यांतलं काहीही नको. आमच्या सासूबाई तुपाची वाटी घेऊन आल्या होत्या. ते तूप मी पोळीवर संपवलं.

डोळ्यात वाळू गेल्यासारखं वाटणं आणि त्याच वेळी पाणी गळणं, हे दोन्ही एकत्र असू शकतं. स्नायू काही काळ अशक्त असतो, उघडझाप अर्धवट होते, डोळा कोरडा पडतो. आणि सुजेमुळे पापणीच्या कडेचं अश्रू गिळणारं छिद्र जागचं थोडं हलतं, म्हणून पाणी गालावर येतं. दोन-तीन आठवड्यांत सहसा बसतं. रात्री डोळा पूर्ण मिटतो का, हे घरातल्या कुणालातरी बघायला सांगा. फट राहत असेल तर पंखा थेट तोंडावर नको, आणि जेल चुकवायचं नाही.

आता ज्याच्यासाठी मी लिहायला बसले ते. तिसऱ्या आठवड्यात, सूज उतरल्यावर, जावेच्या उजव्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा गोलसर दिसायला लागला. बुबुळाखाली पांढऱ्याची बारीक कोर दिसायची. डावा ठीक. "सगळं बरं होत होतं आणि आता बिघडतंय," ती म्हणाली. हे उलटं वाटतं, पण त्यामागे कारण आहे. कोणतीही जखम भरताना आकसते. भाजलेली जागा बरी होताना ओढली जाते ना, तसंच. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात हे आकसणं जोरात असतं, मग तो व्रण हळूहळू मऊ पडतो, आणि ते वर्षभरही चालू राहतं. झोळी आठवा. मधला पडदा आकसला की तो झोळीला खाली ओढतो. खुंट्या भक्कम असतील तर झोळी तग धरते. वयामुळे बाहेरची खुंटी सैल झालेली असेल तर कड खाली येते. त्वचा जरा जास्त काढली गेली असेल तर आणखी. कड नुसती खाली ओढली गेली तर बुबुळाखाली पांढरं दिसतं. ती बाहेर उलटली आणि आतलं गुलाबी अस्तर दिसायला लागलं तर प्रकरण पुढचं.

म्हणूनच चांगला सर्जन ऑपरेशनच्या आधी पापणी बोटानं खाली ओढून सोडतो आणि ती उघडझाप न करता आपोआप जागेवर येते का ते बघतो. सैल असेल तर त्याच वेळी बाहेरची खुंटी घट्ट करणारा टाका घालतो. ज्यांचे डोळे मुळात गालाच्या हाडापेक्षा पुढे असतात, त्यांच्यात ही भीती जास्त, आणि थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेले असतील तर तो आजार स्थिर झाल्याशिवाय हे ऑपरेशन करायचंच नाही. तुमच्या सर्जननं पापणी ओढून बघितली नसेल तर विचारा. ऑपरेशननंतर मात्र घरी आरशासमोर ही परीक्षा घेऊ नका. मी ओळखते त्या निम्म्या लोकांनी घेतलेली आहे.

जावेला डॉक्टरांनी रात्री पापणीला वरच्या दिशेनं चिकटपट्टी आणि दिवसातून काही वेळा मालिश सांगितलं: बोट पापणीच्या कडेखाली, हलका दाब, वर आणि बाहेरच्या दिशेनं. खाली कधीच नाही. हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करायचं, साधारण दोन आठवडे झाल्यावर. त्याआधी चोळलं तर टाका उकलू शकतो. काहींना व्रणाजवळ स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात. पुष्कळ डोळे एवढ्यावरच तीनेक महिन्यांत वर येतात. तिचाही आला. कोपरा अगदी पूर्वीसारखा आहे का? मला फरक दिसतो, इतर कुणाला दिसत नाही.

नाहीच आला तर दुरुस्तीचं ऑपरेशन असतं. बाहेरचा कोपरा पुन्हा घट्ट करणं, किंवा तोंडातल्या टाळूचा वा कानाच्या कूर्चेचा तुकडा टेकू म्हणून घालणं, किंवा वरच्या पापणीची वा कानामागची त्वचा जोडणं. पण यासाठी सर्जन सहसा सहा महिने थांबायला सांगतात, आणि पेशंटला ते टाळाटाळ वाटते. टाळाटाळ नसते ती. आकसत असलेल्या व्रणावर पुन्हा सुरी चालवली तर तो दुप्पट आकसतो. अपवाद एक: डोळा नीट न मिटल्यामुळे बुबुळावर जखम होत असेल, म्हणजे दुखणं, उजेड सहन न होणं, लालपणा वाढणं, तर थांबायचं नाही. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच वाटू देऊ नका. फक्त तो डॉक्टर पापण्यांचं काम करणारा असावा.

मध्येच रंगपंचमी आली. इंदुरात राहून रंगपंचमीला राजवाड्याकडे न जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. टँकरमधून मजल्यांच्या उंचीवर उडणारा रंग, रस्ताभर गुलाल, खांद्याला खांदा. तीन आठवड्यांच्या, नीट न मिटणाऱ्या डोळ्यांत तो रंग गेला तर बुबुळ भाजेल, आणि गर्दीतलं एखादं कोपर पुरेसं आहे. ती घरी बसली, टीव्हीवर गेर, म्हणजे रंगाची ती मिरवणूक, बघितली, आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. काजळ, लेन्स हे दोन आठवडे तरी बंद, पोहणं आणि जिम तीन-चार आठवडे. उन्हात गॉगल आणि टोपी काही महिने, कारण ताजा व्रण आपल्या वर्णाला उन्हात पटकन काळवंडतो.

पुढच्या महिन्यांत बारीकसारीक तक्रारी येतात. पापणीखाली हाताला लागणारी गुठळी बहुतेकदा विरघळते. टाक्यांच्या रेषेवरचे पांढरे दाणे डॉक्टर सुईच्या टोकानं काढतात, नखानं काढू नका. एका वस्तूच्या दोन दिसणं पहिल्या दिवशी भुलेमुळे होऊ शकतं. नंतरही राहिलं तर दाखवायचंच, कारण चरबीच्या दोन कप्प्यांमधून डोळा हलवणारा एक स्नायू जातो. आणि चौथ्या-पाचव्या दिवसानंतर लालपणा, ऊब, पू किंवा ताप वाढत गेला तर तो जंतुसंसर्ग. पापणीला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे तो क्वचित होतो, पण झाला तर त्याच दिवशी दाखवायचं.

शेवटचा निकाल तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. लग्न मेमध्ये असलेल्या बाईनं फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन करणं म्हणजे अगदी काठावरचं गणित होतं, आणि मी ते तेव्हाच बोलले होते. लग्नाच्या फोटोंत ती छान दिसते. परवा मात्र तिनं पुन्हा एक फोटो पाठवला, 117वा. पिशव्या गेल्या, पण काळी वर्तुळं तिथेच आहेत, असं का? कारण ती चरबीमुळे नव्हतीच. सावलीमुळे दिसणारा काळेपणा चरबी सरकवल्यावर कमी होतो. त्वचेतलं रंगद्रव्य या ऑपरेशननं जात नाही. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि सर्जनला विचारायच्या तिच्या यादीतला पहिला प्रश्न तोच होता म्हणे. मी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलंय, सनस्क्रीन सुरू कर म्हणून सांगितलंय, आणि क्रीमच्या जाहिराती मला फॉरवर्ड करू नकोस, असंही.